८५० किलोची हॉट रॉड आणि पाच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मी डेट्रॉइटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो आणि पोटापाण्यासाठी गाड्यांच्या ड्राइव्हलाइनचं, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांचं, काम करतो. आमच्या वस्तीतले एक निवृत्त टूल-अँड-डाय कारागीर गॅरेजमध्ये हॉट रॉड, म्हणजे जुन्या घाटाची, मोठं इंजिन घातलेली गाडी, बांधत होते. गिअरबॉक्सपाशी त्यांचं काम अडलं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं. पुढे सव्वा वर्ष माझे बरेच शनिवार तिथे गेले. त्यांची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. खाली ज्यांना ‘मालक’ म्हटलंय ते हेच.

गाडी टी-बकेट प्रकारातली आहे. फोर्डने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी बनवली. तिच्या उघड्या दोन आसनी बॉडीचा तेवढा टबासारखा भाग घ्यायचा, मडगार्ड काढून टाकायचे आणि पुढे मोठं व्ही-८ इंजिन उघडंच बसवायचं, ही टी-बकेटची रीत. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात नॉर्म ग्राबॉव्स्की यांनी अशी गाडी बांधली आणि तो घाट देशभर गाजला. आज बहुतेक टी-बकेटची बॉडी फायबरग्लासची असते, तशीच हीही आहे. मालकांनी ती अर्धवट अवस्थेत विकत घेतली. सोबत शेवरलेचं ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं इंजिन होतं, फोर्डचं ९ इंची मागचं हाउसिंग, म्हणजे मागच्या आसाचं कवच, होतं आणि टर्बो ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता.

अडचण

मालकांचा पहिला विचार साधा होता. गिअरबॉक्स घरात आहे, मजबूत आहे, तो बसवून मोकळं व्हायचं. जनरल मोटर्सने टर्बो ४०० आणला १९६४ साली, कॅडिलॅक आणि ब्यूकसाठी. पुढे तो जड ट्रकांतही गेला. तो तुटणार नाही याबद्दल दुमत नव्हतंच. पण बसवून पाहिला तेव्हा फ्रेमच्या मधल्या नळ्यांना घासू लागला आणि मालकांच्या उजव्या पायाला जागा उरली नाही. टी-बकेटमध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात. तिथे एक इंचही फुकटचा नसतो.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, हलक्या गाडीला पॉवरग्लाइड हा साधा ऑटोमॅटिकच हवा. कुणी ओव्हरड्राइव्हशिवाय, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या कमी करणाऱ्या वरच्या गिअरशिवाय, हायवेवर जाऊच नका म्हणून बजावलं. जो तो आपल्या गाडीला जे लागू पडलं ते सांगत होता. या गाडीचं वजन किती, हे कुणी विचारलं नव्हतं. मालकांनाही ते माहीत नव्हतं.

आधी वजन

म्हणून पहिलं काम तेच केलं. एका ओळखीच्या वर्कशॉपमधून चार चाकांखाली ठेवायचे काटे आणले. गिअरबॉक्स, बॅटरी आणि अंदाजाने पेट्रोल धरून आकडा आला ८५० किलो. त्यातले ५४ टक्के मागच्या चाकांवर. चालक बसला की ९३० किलो, पैकी सुमारे ५२० मागे, कारण बसायची जागा जवळजवळ मागच्या आसावरच आहे.

आता मागचे टायर रस्त्याला किती धरतील ते पाहू. गाडी जोरात निघाली की वजन मागे झुकतं. ते धरून मागे ६२० किलोच्या आसपास येतात. साध्या रस्त्याच्या टायरची पकड त्याच्या ८५ टक्के मानली, तर टायर सुमारे ५३० किलोचा रेटा पेलतील. त्यापुढे नुसता धूर.

इंजिनचा टॉर्क मी ५१५ न्यूटन-मीटर धरला. या बांधणीच्या ३५०ला तो शोभेसा आहे. टायर २८ इंच व्यासाचे, हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनचं, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या दात्यांच्या जोडीचं, गुणोत्तर ३.५०. वहीत मांडलेला हिशोब असा निघाला: टर्बो ४००च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.४८, तेव्हा रस्त्यावर जवळपास १२८० किलोचा रेटा. ओव्हरड्राइव्हवाल्या ७००आर४चा पहिला गिअर ३.०६चा, म्हणजे १५८० किलो. दोनच गिअर असलेल्या पॉवरग्लाइडचा १.८२चा, म्हणजे ९४० किलो. यात टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग, सुरुवातीला जी वाढ देतो ती धरलेलीच नाही.

सगळ्यात बोलका आकडा मात्र टॉप गिअरचा होता. थेट १:१ मध्येही ५१५ किलोचा रेटा येतो. टायरची पकड ५३०. म्हणजे ही गाडी टॉप गिअरमध्येच टायर सोडायच्या बेतात असते!

तो आकडा पाहून मालक बराच वेळ वहीकडे बघत राहिले. माझ्या मते या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण हाच. जड गाडीत पहिला गिअर गाडी हलवण्यासाठी लागतो. इथे इंजिनला गाडी हलवायला कुणाची मदत नको होती. तेव्हा ‘कोणता गिअरबॉक्स जास्त ताकद पेलतो’ आणि ‘कोणाचा पहिला गिअर दमदार’ हे दोन्ही प्रश्न बाद झाले. टायर सुटले की ताण तिथेच संपतो, तो गिअरबॉक्सपर्यंत साठत नाही. दोन टनी गाडीत जो गिअरबॉक्स मार खातो तो इथे आरामात जगतो. उरले चार प्रश्न: मावेल का, हायवेवर इंजिन किती फिरेल, गर्दीत तापेल का, आणि मालकांच्या पत्नीला ही गाडी निर्धास्त चालवता येईल का. शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला होता. गाडी दोघांची होती.

पर्याय

टर्बो ४०० जागेमुळेच मागे पडला. शिवाय त्याच्या आतले ड्रम आणि क्लच जड. गाडी वेग घेते तेव्हा इंजिनला तेही फिरवत न्यावे लागतात. ट्रकमध्ये ते जाणवत नाही, ८५० किलोच्या गाडीत जाणवतं.

पॉवरग्लाइडवर आम्ही सगळ्यात जास्त बोललो. तो १९५० सालचा. १९६२पासून अॅल्युमिनियमच्या खोक्यात आला आणि १९७३पर्यंत बनत राहिला. आखूड, हलका, साधा. ड्रॅग रेसिंगवाले अजून तो वापरतात, कारण हलक्या गाडीत टायर सुटू न देता निघायचं तर कमी गुणाकाराचा पहिला गिअरच बरा. मला तो आणखी एका कारणासाठी आवडत होता. मूळ मॉडेल टीमध्येही दोनच पुढचे गिअर होते आणि तेही ग्रहचक्री दात्यांचे, म्हणजे आजच्या ऑटोमॅटिकच्याच कुळातले. डावं पेडल दाबलं की लो, सोडलं की हाय. २० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाला २.७५चा लो गिअर पुरत होता, मग इथे १.८२ का पुरू नये?

पुरला असता. नकाराचं कारण वेगळं होतं. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर १९९५पासून दर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांची मोठी क्रूझ भरते. मालकांचं स्वप्न तिथे फिरण्याचं. तिथे तासन्‌तास माणूस चालेल त्या वेगाने पुढे सरकावं लागतं. पहिला गिअर लांब, म्हणजे कमी गुणाकाराचा, असला की अशा सरकण्यात टॉर्क कन्व्हर्टर सारखा घसरत राहतो आणि घसरण म्हणजे उष्णता. त्यात मालकांच्या घरासमोरचा चढ, ज्यावरून गाडी रिव्हर्समध्ये वर घ्यावी लागते. पॉवरग्लाइडचा रिव्हर्सही पहिल्या गिअरइतकाच लांब. आणि चांगल्या अवस्थेतला पॉवरग्लाइड आता रेसिंगच्या भावाने मिळतो.

७००आर४ १९८२चा. चौथा गिअर ०.७०चा, म्हणजे ताशी ६५ मैलांना इंजिन २७३०ऐवजी १९१० फेऱ्यांवर. हा आकडा मोहात पाडणारा आहे. पण एकूण लांबी पावणेएकतीस इंच, टर्बो ३५०पेक्षा तीन इंच जास्त. टी-बकेटमध्ये गिअरबॉक्स आणि हाउसिंग यांच्यात अंतरच नसतं. आम्ही रिकामं खोकं आणून फ्रेममध्ये टांगलं आणि मोजलं. प्रॉपेलर शाफ्टला दोन क्रॉसच्या, म्हणजे टोकांच्या वाकत्या सांध्यांच्या, मध्ये जेमतेम ११ इंच उरत होते. हाउसिंग दीड इंच वर उचललं गेलं की ११ इंची शाफ्टचा कोन जवळजवळ ८ अंशांनी बदलतो, १४ इंची शाफ्टचा ६ अंशांनी. क्रॉसला रोजच्या चालीत एक ते तीन अंशांचा कोन मानवतो. खड्ड्यागणिक आठ अंशांचा हिसका बसत राहिला तर तो फार दिवस टिकत नाही.

दुसरी भीती थ्रॉटल केबलची. ७००आर४मध्ये तेलाचा दाब कार्ब्युरेटरला जोडलेल्या केबलवर ठरतो. केबलची भूमिती थोडी चुकली तर दाब कमी राहतो आणि क्लच जळतात. चालकाला आधी काही कळतही नाही. जुन्या कार्ब्युरेटरवर ही भूमिती बरोबर बसवायला वेगळं ब्रॅकेट लागतं, कन्व्हर्टर लॉक करायला वायरिंग लागतं.

२००-४आरला तीच केबल लागते, पण त्याची लांबी टर्बो ३५०एवढीच आणि चौथा गिअर ०.६७चा. आम्ही त्याला पुरेसा वेळ दिला नाही. त्याबद्दल शेवटी बोलतो.

राहिला टर्बो ३५०. १९६९चा, तीन गिअर, गुणोत्तरं २.५२, १.५२ आणि १. भार ओळखायला इंजिनच्या व्हॅक्यूमची (हवेच्या ओढीची) नळी, जोरात दाबल्यावर खालच्या गिअरवर यायला एक साधी केबल. सुटे भाग कुठेही मिळतात. फ्रेममध्ये बसला आणि पायालाही जागा उरली.

निर्णय

टर्बो ३५० घ्यायचं ठरलं. ३.५०चं क्राउन-पिनियन होतं तसंच ठेवायचं ठरलं. पहिला भाग बरोबर होता, दुसरा चुकला.

मालकांना केंटकीतल्या लुईव्हिलला भरणाऱ्या स्ट्रीट रॉडच्या मेळाव्याला गाडी चालवत न्यायची होती. ते साडेतीनशे मैलांवर आहे. २७३० फेऱ्यांवर साडेतीनशे मैल कसे वाटतील, हे मी कागदावर सांगितलं. त्यांनी ‘चालेल’ म्हटलं. दोघांपैकी कुणीही त्या फेऱ्यांवर उघड्या गाडीत तासभर बसून पाहिलं नव्हतं. माझ्याकडे एका मित्राची तशी गाडी मागण्याची सोय होती. मी ती मागितली नाही.

कन्व्हर्टरचा निर्णय मात्र विचाराने घेतला. मालकांच्या एका मित्राने ३००० स्टॉलचा सुचवला होता. स्टॉल म्हणजे कन्व्हर्टर ज्या फेऱ्यांवर पकड घेतो तो आकडा. इंजिनचा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) थोडा तिखट, रिकामी चाल ८५० फेऱ्यांवर. अगदी कमी स्टॉलचा कन्व्हर्टर घेतला असता तर सिग्नलला डी मध्ये उभी असलेली हलकी गाडी ब्रेक ओढत पुढे सरकली असती. पुढचे ब्रेक लहान आहेत, बूस्टर नाही. जास्त स्टॉलचा घेतला असता तर क्रूझमध्ये घसरण वाढली असती. मधला, २२०० स्टॉलचा घेतला. हलक्या गाडीत कन्व्हर्टर छापील आकड्याच्या थोडा खालीच पकडतो, कारण इंजिनवर पूर्ण भार येण्याआधीच गाडी निघालेली असते. तसंच झालं. सिग्नलला बोटभर जोराने ब्रेक दाबला तरी गाडी शांत उभी राहते.

कृती

जुन्या पिकअपमधून काढलेला एक टर्बो ३५० मिळाला. तो एका वर्कशॉपने उघडून नवा करून दिला. कन्व्हर्टर बसवताना मालकांचा हात किती तयार आहे ते पाहायला मिळालं. कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलायचा. पंपाच्या खाचेत शेवटचा ‘टक्‌’ बसला की थांबायचं. इंजिनला जोडल्यावर फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या टोकाची पातळ चकती) आणि कन्व्हर्टर यांच्यात एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच फट राहायला हवी. फट नसताना बोल्ट आवळले तर पंप फुटतो. त्यांनी फट फिलरने तीन जागी मोजली आणि मगच बोल्ट लावले.

पहिल्याच फेरीत गाडीने धक्के दिले. न्यूट्रलमधून डी मध्ये टाकली की मागून हातोडा मारल्यासारखा आवाज. सावकाश निघालं तरी दुसरा गिअर दणकन पडायचा. थांबताना पुन्हा एक ठोका. मालकांच्या पत्नी एक फेरी मारून उतरल्या आणि म्हणाल्या, मी पुन्हा बसणार नाही.

आमचा संशय शिफ्ट किटवर गेला. वर्कशॉपने गिअर कडक पडावेत म्हणून किट घातलं होतं. गाडी ८५० किलोची आहे हे आम्ही त्यांना सांगितलेलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. तेल उपसलं, व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब वाटणारा भाग, खाली उतरवली, मूळच्या स्प्रिंग आणि प्लेट परत घातल्या. दोन शनिवार गेले. धक्के तसेच.

तिसऱ्या शनिवारी एक गोष्ट ध्यानात आली. पेडल जरा जास्त दाबलं की गिअर मऊ पडत होते, कमी दाबलं की कडक. हे उलटं आहे. भार जास्त तर दाब जास्त, गिअर कडक, हा या गिअरबॉक्सचा स्वभाव. तो उलटा वागतो म्हणजे त्याला मिळणारी खबरच उलटी. व्हॅक्यूमची नळी पाहिली. ती कार्ब्युरेटरच्या अशा तोंडाला लावलेली होती जिथे थ्रॉटल बंद असताना व्हॅक्यूम शून्य असतो. गिअरबॉक्सला वाटत होतं, चालकाने पेडल तळाला लावलंय. ती नळी मीच जोडली होती. हवी होती थेट मॅनिफोल्डला, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या, इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला.

नळी हलवली आणि धक्के गेले. कॅमशाफ्टमुळे डी मध्ये उभ्या गाडीचा व्हॅक्यूम पाऱ्याचे ११ इंचच येत होता, म्हणून स्क्रूने जुळवता येणारा मॉड्युलेटर, म्हणजे व्हॅक्यूमवरून दाब ठरवणारा भाग, लावला आणि अर्ध्या अर्ध्या फेरीने जुळवत गेलो. व्हॅक्यूमचा गेज त्या दिवशीही गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला होता. तो पहिल्या दिवशी लावला असता तर व्हॉल्व्ह बॉडीला हातही लागला नसता.

तापमानाचं काम मालकांनी निगुतीने केलं. गाडीचा रेडिएटर लहान, त्यात गिअरबॉक्सचं तेल थंड करायची सोय नाही. वेगळा कूलर मागच्या छोट्या हौद्याखाली बसवला आणि कन्व्हर्टरकडून येणाऱ्या गरम नळीत तापमानाचा सेन्सर घातला. पहिल्या वुडवर्ड क्रूझला काटा १०५ अंश सेल्सिअसला टेकला. नंतर कूलरला पंखा लावला. पुढच्या वर्षी तेवढ्याच उन्हात, तेवढ्याच गर्दीत तो ८५वर स्थिर राहिला.

परिणाम

पहिल्या हंगामात गावातलं फिरणं छान झालं. हायवे नाही. मालक एकदा टोलीडोपर्यंत, साठेक मैल जाऊन आले. कन्व्हर्टरची घसरण धरून इंजिन २८५०च्या आसपास फिरत होतं, एक्झॉस्ट कानाच्या पातळीला, वर छप्पर नाही. परत आल्यावर त्यांनी लुईव्हिलचं नाव काढलं नाही. गाडी विकावी का, असंही त्यांच्या तोंडून आलं, आणि ते ऐकून मला वाईट वाटलं. निर्णय घेताना मला जे बोलायला हवं होतं ते मी सहा महिने उशिरा बोलत होतो.

पुन्हा वही काढली. ३.००चं क्राउन-पिनियन घातलं तर ताशी ६५ मैलांना २३४० फेऱ्या. पहिल्या गिअरचा रेटा १३०० किलोवरून १११५वर येतो, तरी तो टायरच्या पकडीच्या दुपटीहून जास्तच. म्हणजे गमवायचं काही नाही. फोर्डच्या ९ इंची हाउसिंगचा मधला गोळा पुढून अख्खा निघतो. ३.००चा जुना गोळा एका दुपारी बसला. लांब गुणोत्तरामुळे पेडलही नरम झालं. ओल्या रस्त्यावर निघताना मागचा भाग आधी बाजूला सरकायचा, ते बंद झालं.

त्यानंतर मालकांच्या पत्नीने गाडी चालवली. आता वुडवर्डला जाताना त्या चालवतात, येताना मालक. लुईव्हिलला ते दोघे गाडी ट्रेलरवर घालून गेले आणि तिथे चार दिवस फिरवली.

पुन्हा करायचं तर

क्रम बदलेन. आधी वजन, मग टायर, मग क्राउन-पिनियन आणि शेवटी गिअरबॉक्स. आम्ही गिअरबॉक्सवर दोन महिने घालवले आणि क्राउन-पिनियनवर दहा मिनिटं. या गाडीचं सुख त्या दहा मिनिटांच्या प्रश्नात अडकलं होतं.

वर्कशॉपला काम देताना कागदावर गाडीचं वजन, कॅमशाफ्टची माहिती आणि रिकाम्या चालीचा व्हॅक्यूम लिहून देईन. गिअर किती कडक पडावेत हे त्यावरून ठरतं.

२००-४आरचा प्रश्न अजून माझ्या मनात आहे. तो टर्बो ३५०च्याच जागेत बसला असता आणि ३.५०च्या क्राउन-पिनियनला ६५ मैलांवर १८३० फेऱ्या दिल्या असत्या. या कॅमशाफ्टला इतक्या खाली सलग चालवलं तर इंजिन हिसके देतं, म्हणून मालकांच्या गाडीपुरता टर्बो ३५० आणि ३.०० हाच जोड मला योग्य वाटतो. पण मऊ कॅमशाफ्ट असता आणि ते खरोखर दर वर्षी साडेतीनशे मैल चालवणार असते, तर थ्रॉटल केबलचं ब्रॅकेट नीट बसवण्याची मेहनत घेऊन मी २००-४आरच सुचवला असता. ‘किती लांब जाणार’ हे त्यांना मी तोंडी विचारलं होतं. मागच्या तीन वर्षांत जुन्या गाडीतून एका दमात सर्वांत लांब कुठे गेलात, असं विचारायला हवं होतं. त्याचं उत्तर त्यांनी मला नंतर दिलं: चाळीस मैल.

टर्बो ४०० वर्षभर गॅरेजच्या कोपऱ्यात होता. मागच्या वसंतात तो एका जड जुन्या पिकअपच्या मालकाने नेला. त्याने आधी फोनवर विचारलं, गिअरबॉक्स कसा आहे. आमच्या मालकांनी त्याला उलट विचारलं, तुमच्या गाडीचं वजन किती.